मी न मोजलेला कोन

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी धाकट्याने विचारलं, "आजी, तुझी फुलझाडं कुठे गेली?" मी म्हटलं, कंटाळा आला म्हणून काढली. ते खरं नव्हतं. कंटाळा येऊन काही काढून टाकणारी बाई मी नाही, हे तुमचा बाबा तुम्हाला सांगेल. खरं कारण फोनवर सांगायला जीभ रेटली नाही. म्हणून लिहिते आहे.

त्यासाठी आधी आपलं दार तुमच्या डोळ्यांसमोर यायला हवं. सांगलीचं घर तुम्ही पाहिलंत तेव्हा फार लहान होतात. फाटकातून आत आलं की फरशीची एक सरळ वाट, वाटेच्या शेवटी तीन पायऱ्या, पायऱ्यांवर व्हरांडा. वाटेच्या दोन्ही बाजूंना विटांची कड लावलेले वाफे, एकीकडे गुलाब, दुसरीकडे शेवंती. व्हरांड्याच्या कडेला वाट बरोबर काटकोनात होती. ती तशी मी उभी राहून करून घेतली होती. साताऱ्याला माझ्या कॉन्व्हेंटमध्ये भूमिती शिकवणाऱ्या सिस्टर समासाची रेघ जरा कलली तरी पान पुन्हा लिहायला लावत. पुढे मी स्वतः इथल्या इंग्रजी शाळेत गणित शिकवलं आणि तीच सवय माझ्या विद्यार्थ्यांना लावली. तिरकं काही दिसलं की मला अजूनही दाढ दुखल्यासारखं होतं.

घरात आम्ही दोघीच. मी आणि आक्का. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, तुम्ही त्यांना मोठी आजी म्हणता. त्यांचं माहेर औंधाकडचं, शिक्षण चौथीपर्यंत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. सगळ्यांना वाटलं, आता थोरली जाऊ धाकटीला कामाला जुंपणार. आक्कांनी मला शिकवायचा प्रयत्न एकदाच केला, माझी फाटकी भाकरी हातात धरून उजेडाकडे बघितली आणि म्हणाल्या, "धाकले, तू आपली शाळंत जा. ह्ये माझं मी बघती." आणि ते त्यांनी आजवर बघितलं. माझी वह्या तपासण्याची वेळ आणि त्यांची चुलीची वेळ एकच असायची, पण मला कधी कुणी उठवलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आक्का न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं. घरी आल्या त्या चाकांच्या खुर्चीतून. सोबत एक वॉकर दिला होता. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, की यांना खोलीत कोंडून ठेवू नका, रोज खुर्चीतून बाहेर सपाट रस्त्यावर न्या आणि तिथे वॉकर धरून थोडं थोडं चालवा. पहिले काही महिने महत्त्वाचे. या काळात जेवढं चालतील तेवढा पाय परत मिळेल.

आक्कांना तेवढंच हवं होतं. रस्त्यापलीकडे समोरच्या भाभींचं घर. त्यांच्या घरातल्यांचं गाद्यांचं दुकान आहे. त्यांच्या दारात एक दगडी कट्टा आहे आणि त्या कट्ट्यावर या दोघी गेली कितीतरी वर्षं संध्याकाळी बसत आल्या आहेत. मेथी निवडायची, शेंगा फोडायच्या आणि गल्लीतल्या प्रत्येकाबद्दल काहीतरी बोलायचं. मी त्यात कधी बसले नाही. भाभींचे गुडघे गेलेले. त्यांना आमच्या पायऱ्या चढवत नाहीत. म्हणजे आक्का उतरल्या तरच दोघींची गाठ पडणार होती.

"मला तेवढं भाभीच्या कट्ट्यापातुर न्या," आक्का मिरजेहून येताना गाडीत म्हणाल्या, "मग मरंना का पाय."

मी गवंड्याला बोलावलं. तीन पायऱ्यांवर उतार करायचा आहे म्हटल्यावर तो वाटेवर उभा राहून म्हणाला, "गाडी चढवायचा करतो तसाच करू का, मॅडम?"

हे तुम्हाला समजणार नाही. इथे प्रत्येक घरासमोर पायऱ्यांवर सिमेंटचा एक आखूड उतार असतो. रात्री मोटरसायकल आत घ्यायची म्हणून. त्यावर आडव्या खाचा मारतात, चाक घसरू नये म्हणून. गाडी सुरू करून पहिल्या गिअरमध्ये ती भर्रकन वर चढवतात. आमच्याकडे कुणी उतार म्हटलं की डोळ्यांसमोर तेवढंच येतं. माझ्याही डोळ्यांसमोर तेवढंच आलं.

"तसाच करा," मी म्हटलं, "फक्त वाटेच्या रेषेत यायला हवा. इकडे तिकडे वळवू नका. वाफे मोडायचे नाहीत."

"आवं, गुण्या लावून करतो. बोट ठिवायला जागा न्हाई ऱ्हायची."

त्याने गुण्या लावला. मी माझ्या कंपासमधला गुण्याही लावून पाहिला. उताराची कड व्हरांड्याच्या कडेला बरोबर नव्वद अंशांत. वाटेच्या दोन्ही कडा सरळ वर चढत गेलेल्या, गुलाब जागेवर, शेवंती जागेवर. मला इतकं समाधान वाटलं की मी शेजारपाजारच्या चार जणींना बोलावून ते दाखवलं.

पहिल्या दिवशी आक्कांना भाभींच्या मुलाने आणि गवंड्याने मिळून खाली उतरवलं. दोघे धट्टेकट्टे. आक्का हसत होत्या. "माझी वरात काढलीया जनू," म्हणाल्या. भाभींच्या कट्ट्याशी त्या तास दीड तास बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी एकटी होते. मी खुर्ची मागून धरली आणि पुढे लोटली. पुढची चाकं उतारावर गेली आणि खुर्चीने मला ओढलं. माझ्या चपला घसरल्या. मी मागे रेलले, सगळा जीव हातांत आणला, पण आक्कांचं वजन आणि तो उतार यांपुढे माझं काही चालेना. आक्कांनी हात पसरून गुलाबाचं झुडूप धरलं. ते मुळासकट आलं नाही, म्हणून आम्ही थांबलो. त्यांच्या तळहातावर काटे रुतून रक्त आलं होतं.

"लागलं का फार?" मी विचारलं.

"न्हाई. चल मागं. आज नको."

मला वाटलं, माझ्या चपला घसरल्या, एवढंच. पण त्या दिवसापासून आक्कांना रोज काहीतरी होऊ लागलं. कधी ऊन सोसवत नव्हतं. कधी कंबर धरली होती. कधी टीव्हीवर कुणाचं तरी लग्न होतं. आणि मी, मुलांनो, त्यांना रोज बोलले. म्हटलं, "आक्का, हा निव्वळ आळस आहे. डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकलंत ना?" म्हटलं, "तुमच्यासाठी एवढा उतार बांधला, तो काय नुसता बघायला?" शाळेतल्या मुलांना जसं बोलत असे, अगदी त्याच आवाजात. आक्का भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. एकदा म्हणाल्या, "शाळा भरलीय व्हय गं?"

एका संध्याकाळी भाभी काठी टेकत फाटकातून आत आल्या. उताराच्या पायथ्याशी थांबल्या, एक पाय वर ठेवला, काठी ठेवली आणि मग दोन्ही मागे घेतली. तिथूनच ओरडल्या, "काय ओ आक्का, आमच्यावर रागावलासा काय?"

"न्हाई गं बाई," आक्का आतून ओरडल्या, "ऊन सोसंना."

ऊन केव्हाच उतरलं होतं. भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी हलक्या आवाजात म्हटलं, "त्यांची इच्छाच नाही हो. मी तरी काय करणार?" भाभींनी मान हलवली आणि परत गेल्या. त्यानंतर त्या दोघी आपापल्या दारातून एकमेकींना हाक मारून बोलायच्या, मधे रस्ता. रस्त्याने ट्रॅक्टर गेला की बोलणं थांबायचं. मग तेही कमी झालं.

असे तीन-साडेतीन महिने गेले. याच काळात तुझा, म्हणजे थोरलीचा, फोन आला, पोरी. तुला परीक्षेसाठी एक प्रमेय पटत नव्हतं: दोन कोनांच्या भुजा एकमेकांना अनुक्रमे लंब असतील तर ते कोन सारखे असतात, किंवा त्यांची बेरीज एकशे ऐंशी अंश असते. "आजी, असं 'किंवा' कसं चालेल? कधी इक्वल आणि कधी वन एटी, हे ओळखायचं कसं?" असं तू विचारलं होतंस.

मला केवढा आनंद झाला! कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला भूमिती विचारत होतं. मी म्हटलं, थांब, तुला कागदावर नको, खऱ्या उतारावर दाखवते. एक पुठ्ठा घेतला. त्यावर कोनमापक उलटं चिकटवलं, सरळ कड वर, पुठ्ठ्याच्या कडेला समांतर. मध्यबिंदूतून दोरा ओवला आणि त्याला खाली एक किल्ली बांधली. मग फोन गुलाबांच्या कडेच्या विटांना टेकवून ठेवला आणि पुठ्ठा उभा धरून त्याची खालची कड आमच्या उतारावर टेकवली.

तुला मी जे सांगितलं ते धाकट्यासाठी पुन्हा लिहिते. दोरा नेहमी सरळ खाली लोंबतो, म्हणजे तो जमिनीला लंब. कोनमापकावरची नव्वदची रेघ पुठ्ठ्याच्या कडेला लंब, आणि ती कड उतारावर टेकलेली, म्हणजे ती रेघ उताराला लंब. आता जमीन आणि उतार यांच्यात एक कोन आहे. दोरा आणि नव्वदची रेघ यांच्यात दुसरा. दुसऱ्याची एक भुजा पहिल्याच्या एका भुजेला लंब, दुसरी दुसरीला लंब. म्हणून दोन्ही कोन सारखे. जमिनीखाली डोकं घालून उताराचा कोन मोजावा लागत नाही. दोरा किती सरकला ते पाहायचं. आणि तोच दोरा वरच्या दिशेला वाढवला असं मानलं, तर नव्वदच्या रेघेशी त्याचा होणारा कोन विशालकोन असतो. त्याच्याही भुजा तशाच लंब आहेत, पण तो पहिल्या लघुकोनाएवढा असूच शकत नाही. त्या दोघांची बेरीज एकशे ऐंशी. दोन्ही लघुकोन असले किंवा दोन्ही विशालकोन असले तर सारखे. एक लघु, एक विशाल असेल तर पूरककोन. एवढंच ते 'किंवा'.

"ओ! समजलं!" तू म्हणालीस. "आजी, मग तुझा उतार किती?"

मी दोऱ्याकडे पाहिलं. "अठरा."

दुसऱ्या दिवशी तुझा पुन्हा फोन आला. तू तुझ्या शाळेतला चाकांच्या खुर्च्यांचा उतार फोनवरच्या कोनमापकाने मोजून आली होतीस. फोन माझ्या हातात होता आणि आवाज मोठा होता. "आजी, आमचा फक्त पाच आला. फाइव्ह! तुझा एटीन कसा? मोठी आजी त्यावरून येते?"

मी तुला म्हटलं, आपल्याकडे असेच असतात. तू पुढे काही विचारलं नाहीस आणि पेपरबद्दल बोलू लागलीस. पलीकडच्या खाटेवर आक्का पडल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी भिंतीकडचं तोंड वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं.

मी कोन मोजला होता. कंपासमधला गुण्या लावून, वाकून, डोळा बारीक करून मोजला होता. पण तो जमिनीवर आडवा पडलेला कोन. शोभेचा. जो कोन उभा होता, ज्यावरून एक बाई खुर्चीत बसून खाली येणार होती, तो मोजायचं माझ्या मनातही आलं नाही. तुला प्रमेय दाखवायचं म्हणून मी तो मोजला. आक्कांसाठी नाही.

फोन ठेवून मी त्यांच्याजवळ गेले. "आक्का, तुम्हाला भीती वाटते का उतारावर?"

"आता इचारतीस व्हय?"

"सांगायचं ना मग."

त्या उठून बसल्या. "बस तू. त्या खुर्चीत बस. मग बोलू आपण."

मला वाटलं, चेष्टा करतात. चेष्टा नव्हती. त्यांनी मला भाभींच्या मुलाला हाक मारायला लावली. तो दुकानातून कापूस झटकत आला. मी खुर्चीत बसले, तशी आक्का वॉकर धरून व्हरांड्याच्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "ने रं हिला खाली. सावकाश."

वरून तो उतार लहानसा दिसायचा. खुर्चीत बसल्यावर तो दिसलाच नाही. पायांच्या पलीकडे फरशी संपली आणि एकदम फाटक दिसलं. मधलं काहीच दिसेना. मग पुढची चाकं खाली गेली, माझं सगळं अंग पुढे ओढलं गेलं, पायाखाली काही नाही, पाठीला काही नाही. माझे दोन्ही पाय धड आहेत, मी उडी मारू शकले असते. तरी मी किंचाळले, "सोडू नको रे! सोडू नको!"

"धरलंय की, काकी," तो म्हणाला. "किती घट्ट धरू?"

व्हरांड्यातून आक्कांचं हसणं ऐकू आलं. कितीतरी दिवसांत त्या अशा हसल्या नव्हत्या. "कसं हाय? बरं हाय न्हवं? आळस करू नगंस."

मी खुर्चीतून उतरून वर आले. "मला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं. "मी तुम्हाला रोज आळशी म्हणत होते."

"म्हनत हुतीस. न चुकता."

"मग?"

आक्का वॉकरवर जोर देऊन उभ्या होत्या. त्यांचा एक पाय लुगड्याखाली हलत होता. "आगं, तू लय हौसंनं केलंस. समद्या बायकास्नी बोलवून दाखवलंस. तुझं कौतिक चाललं हुतं, त्यात मी कसं म्हनू, की मला ह्येच्यावरनं भ्या वाटतंय म्हनून?"

त्यांनी माझ्या चुकीची लाज झाकण्यासाठी आपलं बाहेर जाणं सोडलं होतं. आणि मी त्यालाच हट्ट म्हटलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. मी हिशोब केला. पाच अंशांचा उतार करायचा तर पायऱ्यांच्या उंचीच्या बारा पट लांबी लागते. फाटकापर्यंतच्या वाटेत तेवढी जागा नव्हती. सरळ उतरण्याचा मार्गच नव्हता. व्हरांड्याच्या कडेने भिंतीला समांतर जायचं, कोपऱ्यात खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा सोडायची, आणि मग कुंपणाच्या कडेने वळून फाटकाशी यायचं. शेवंती त्यात सगळी गेली, गुलाब निम्मे गेले. जुना उतार फोडताना गवंडी म्हणाला, "मॅडम, ह्ये तुमच्या वाटंला जुळायचं न्हाई. वाकडं दिसंल."

"दिसू दे," मी म्हटलं. या वेळी मी किल्ली बांधलेला पुठ्ठा घेऊन रोज उभी होते. तो वैतागला. "आवं, सिमिट वाळू तरी द्या!"

उतार वाळेपर्यंत मी आक्कांना मिरजेला दाखवून आणलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दोन्ही मांड्या टेपने मोजल्या. ऑपरेशनची बाजू बरीच सुकली होती. "रोज बाहेर चालवत होतात ना?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नाही. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तेव्हा झालं असतं तर सोपं होतं, आता प्रयत्न करून बघू. वॉकर सुटेल का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी आक्कांकडे पाहून "बघू या हं, आजी" एवढंच म्हटलं. गाडीत आक्का खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर बघत होत्या. मी त्यांचा हात धरला, तर म्हणाल्या, "सोड, घाम येतोय."

नव्या उतारावरून मी त्यांना एकटीने खाली नेलं. खुर्ची माझ्या हातात राहिली. कोपऱ्यावरच्या सपाट जागेत आम्ही थांबलो, मी दम घेतला आणि वळून फाटकाशी आलो. रस्ता ओलांडला. भाभी कट्ट्यावर बसल्या होत्या, शेजारच्या आणखी दोघी होत्या. भाभींनी आक्कांचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.

"किती दिस झालं ओ," भाभी म्हणाल्या. "आमी म्हनलं, आता आक्का काय येत न्हाईत."

"आमच्या धाकलीनं आनली," आक्का म्हणाल्या. "माझ्यापायी फुलं उपटली तिनं. समदी. सोत्ता उभं राहून मोजून मोजून रस्ता करून घेतला. शिकल्यालं मानूस घरात असावं लागतं बाई."

तिन्ही बायकांनी माझ्याकडे पाहिलं. एक म्हणाली, अशी जाऊ मिळायला नशीब लागतं. भाभींनी माझ्यावरची नजर काढून घेतली. 'त्यांची इच्छाच नाही' हे माझं त्या संध्याकाळचं वाक्य त्यांना आठवत असणार. आक्का माझ्याकडे वळूनही न पाहता मेथीची जुडी मांडीवर घेऊन निवडायला लागल्या होत्या.

मला म्हणायचं होतं, की पहिला उतारही मीच केला होता. त्या येत नव्हत्या असं नाही, मीच त्यांना येऊ दिलं नाही. तोंडापर्यंत आलं. पण आक्कांनी एवढ्या सफाईने ते झाकलं होतं, की ते उघडं करणं म्हणजे चौघींत त्यांना खोटं पाडणं झालं असतं. म्हणून मी खुर्चीच्या मुठी धरून उभी राहिले आणि लोक माझं कौतुक करत होते ते ऐकून घेतलं.

"उभी काय ऱ्हायलीस?" आक्का म्हणाल्या. "बस की. मेथी निवडाया येती न्हवं?"

मी कट्ट्यावर बसले.